बारा दिवसांचा हिशेब

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरतो. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी ही गावे मागे टाकीत तो पैनगंगेच्या काठी येतो आणि नदीपलीकडे तेलंगणात निघून जातो. दोन्ही बाजूंना कपाशीची शेते, मधूनमधून सागाची झाडे आणि रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारींची रीघ, असे या भागाचे रूप आहे. हा महामार्ग उत्तरेस श्रीनगरपासून दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत गेलेला असून त्याची लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर आहे. पूर्वी त्याच्या या भागास सातव्या क्रमांकाचा महामार्ग म्हणत. आता त्याचा क्रमांक चव्वेचाळीस आहे.

आसपासच्या खेड्यांतील मुलेमुली सायकलवरून शाळेला जातात. तीन-चार किलोमीटरांचे अंतर, पाठीवर दप्तर आणि समोरून वारा असला म्हणजे उभे राहून पायडल मारावे लागते. शाळा गाठेपर्यंत कपाळावर घाम येतो आणि घरी परतल्यावर आज फार दमलो असे वाटते. त्यांच्याच जिल्ह्यातील या महामार्गावरून कधी कधी एक निराळाच सायकलस्वार जातो. रात्र झालेली असते. त्याच्या मागून एक मोटार अगदी संथपणे चाललेली असते आणि तिच्या दिव्यांच्या उजेडात तो एका लयीत पाय फिरवीत असतो. मधूनच मोटारीतून एक हात बाहेर येतो, पाण्याची बाटली त्याच्या हाती देतो. तो चालत्या सायकलीवरच दोन घोट घेतो आणि पुढे जातो. चार-पाच दिवसांपूर्वी त्याने श्रीनगर सोडलेले असते आणि निम्मा देश अजून त्याच्यापुढे पसरलेला असतो. नाशिकचा ओम महाजन हा सतरा वर्षांचा मुलगा नोव्हेंबर २०२० मध्ये श्रीनगरहून निघाला, तो ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांनी कन्याकुमारीला पोहोचला.

हे वेड ओमच्या घरात आधीपासूनच होते. त्याचे वडील डॉ. हितेंद्र महाजन आणि चुलते डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड सायकलने ओलांडण्याची शर्यत पुरी केली होती. दोघांनी आळीपाळीने सायकल चालवून हे अंतर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत तोडले. त्यापूर्वी एकाही भारतीयाला ही शर्यत पूर्ण करता आली नव्हती. परंतु दोघांनी मिळून हे अंतर तोडणे वेगळे आणि एकट्याने तोडणे वेगळे. दोघांपैकी एक सायकलीवर असताना दुसऱ्याला मोटारीत डोळा लावता येतो. एकट्या स्वाराच्या वाट्याला ही सोय येत नाही. एकट्याने ही शर्यत पुरी करणारा भारतीय पाहण्यासाठी आणखी दोन वर्षे वाट पाहावी लागली.

या शर्यतीचे नाव ‘रेस अक्रॉस अमेरिका’. तिचा प्रारंभ १९८२ साली झाला. त्या वर्षी अवघे चार सायकलस्वार पश्चिम किनाऱ्यावरून निघाले आणि न्यूयॉर्क शहराच्या दिशेने पूर्वेकडे धावू लागले. लॉन हॉल्डमन हा त्यांत पहिला आला. त्याला ९ दिवस २० तास आणि २ मिनिटे लागली. इतर अनेक सायकल शर्यतींत दिवसाचा टप्पा संपला की स्वार जेवतो, अंग रगडून घेतो, रात्रभर झोपतो आणि दुसऱ्या दिवशी ताज्या अंगाने पुन्हा निघतो. या शर्यतीत टप्पे नाहीत. प्रारंभाची खूण झाली की घड्याळ चालू होते, ते शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. स्वार झोपला तरी घड्याळ जागेच असते.

२०१७ साली ही शर्यत पॅसिफिक महासागराच्या काठावरील ओशनसाइड या गावी सुरू होऊन अटलांटिकच्या बाजूस अॅनापोलिस येथे संपली. अंतर सुमारे ४,९०० किलोमीटर. निघाल्यावर पहिल्याच दिवशी डोंगर उतरून स्वार वाळवंटात येतो आणि यवतमाळकरांना मे महिन्यात परिचित असलेला उन्हाळा तेथे जूनमध्ये त्याला भेटतो. वाळवंट संपते तोच तांबड्या खडकांचा उंच प्रदेश लागतो आणि मग रॉकी पर्वत. त्यातील वुल्फ क्रीक ही खिंड ३,३०९ मीटर उंचीवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, त्याच्या दुप्पट. खिंड उतरल्यावर कॅन्ससची सपाट मैदाने येतात. नकाशावर पाहणाऱ्याला वाटते, आता सुख आले. पण त्या उघड्या मैदानात झाडाचाही आडोसा नसतो आणि बाजूने येणारा वारा तासन्‌तास सायकलीला ढकलीत राहतो. पुढे मिसिसिपी नदी ओलांडली की एकामागून एक राज्ये मागे पडतात आणि अखेरीस अॅपलाचियन पर्वताच्या रांगा येतात. हे डोंगर रॉकींइतके उंच नाहीत. तथापि त्यांचे चढ आखूड आणि खडे असतात, आणि ते अशा वेळी येतात की पायांत त्राण म्हणून उरलेले नसते. या सर्व मार्गावरील चढ एकत्र केले तर पन्नास हजार मीटरांच्या पुढे जातात. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पाच एव्हरेस्ट चढूनही सहाव्याचे अर्धे अंगावर राहते असे दिसून येईल.

नियम कडक आहेत. एकट्या स्वाराने दुसऱ्या सायकलीच्या मागे राहून वाऱ्यापासून आडोसा घ्यावयाचा नाही. रात्री मदतनिसांची मोटार मागे असलीच पाहिजे आणि तिच्या दिव्यांच्या उजेडातच सायकल चालविली पाहिजे. रहदारीचा नियम मोडला तर वेळेचा दंड होतो. आणि साठ वर्षांखालील एकट्या पुरुष स्वाराने बारा दिवसांच्या आत शेवटची रेषा ओलांडली पाहिजे. त्यानंतर तो पोहोचला तर त्याने सागर ते सागर प्रवास केला हे खरे. पण शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

आता थोडा हिशेब करून पाहू. ४,९०० किलोमीटर बारा दिवसांत तोडावयाचे, तर रोज ४०८ किलोमीटर जावे लागेल. यवतमाळहून नागपूरला जावे, तेथून परत यावे आणि पुन्हा नागपूरच्या वाटेला लागून ते शहर जवळ येईपर्यंत चालावे, इतके हे अंतर आहे. ते एक दिवस नव्हे, बारा दिवस. स्वाराचा वेग चढउतार धरून ताशी वीस किलोमीटर पडला, तर ४०८ किलोमीटरांना साडेवीस तास लागतात. दिवसाचे उरतात साडेतीन. एवढ्यात त्याने झोपावे, कपडे बदलावे, पंक्चर झाले तर चाक बदलावे, जखमांना मलम लावावे आणि इतर सर्व देहधर्म उरकावे.

ताशी वीस किलोमीटर हा वेग ऐकून कोणासही नवल वाटणार नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांवरून धावणारी ‘शकुंतला’ नावाची आगगाडी पुष्कळ वर्षे चालू होती. आता ती बंद पडली आहे. कापूस वाहून नेण्याच्या उद्देशाने इंग्रजी अमदानीत घातलेल्या त्या मार्गावर ती ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगानेच चाले आणि तिच्या संथपणाची थट्टा केली नाही असे घर जिल्ह्यात विरळा. अमेरिका ओलांडणाऱ्या सायकलस्वाराचा वेग शकुंतलेपेक्षा फारसा अधिक नसतो. फरक इतकाच, की शकुंतला प्रत्येक ठाण्यावर थांबत असे आणि हा कोठेही थांबत नाही.

मग हा वेग त्याने वाढवू नये काय? येथे शरीराचा स्वभाव आड येतो. माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, त्यातून साधारण दोन हजार उष्मांक मिळतात. जोराने सायकल चालविणारा माणूस तासाला पाचशे-सहाशे उष्मांक सहज खर्च करतो. म्हणजे चार तासांत हा साठा आटतो आणि मग पाय शिशाचे झाल्यासारखे जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. खाऊन ही तूट भरून काढावी म्हटले, तर पोटालाही मर्यादा आहे. एका तासात साठ ते नव्वद ग्रॅमपेक्षा अधिक पिष्ट व शर्करा आतड्यांना सहसा शोषून घेता येत नाही. उलट शरीरातील चरबीचा साठा फार मोठा असतो. पण चरबी सावकाश जळते आणि जोराच्या श्रमाला ती पुरी पडत नाही. म्हणून लांब पल्ल्याचा स्वार असा वेग धरतो की ज्यात चरबीही जळत राहील आणि थोड्या थोड्या वेळाने घेतलेला आहारही पचेल. बारा दिवस चालणाऱ्या शर्यतीत पहिल्या दिवशी सर्वांच्या पुढे धावणे हे कित्येकदा अज्ञानाचे लक्षण ठरते.

साध्या माणसाला दिवसाकाठी दोन-अडीच हजार उष्मांक पुरतात. या स्वाराला आठ-दहा हजार लागतात. इतके अन्न चावून खाण्याइतका वेळ नाही आणि काही दिवसांनी तोंडाची चवही जाते. त्यामुळे बराचसा आहार पातळ स्वरूपात, बाटलीतून घेतला जातो. पाण्याचेही शास्त्र आहे. घामावाटे पाण्याबरोबर मीठही निघून जाते. तहान लागली म्हणून नुसते पाणीच पीत राहिले तर रक्तातील मिठाचे प्रमाण घटते, डोके दुखते, मनाचा गोंधळ उडतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. चैत्र-वैशाखात रानात राबणारा शेतकरी कांद्याबरोबर मिठाचा खडा खातो किंवा ताकात मीठ घालून पितो, तो कोणत्याही पुस्तकातून शिकून नव्हे. पण त्याचे करणे शास्त्राला धरून असते.

अशा शर्यतीची तयारी एका वर्षात होत नाही. तिची पहिली पायरी म्हणजे ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. त्यांत पहिला, दुसरा असे क्रमांक नसतात. ठरलेल्या वेळात अंतर पुरे करावयाचे, इतकेच. दोनशे किलोमीटरांस साडेतेरा तास, तीनशेस वीस, चारशेस सत्तावीस आणि सहाशेस चाळीस तास अशी मुदत आहे. नागपूर, नाशिक, पुणे इत्यादी शहरांतील सायकलस्वार आता अशा फेऱ्यांत मोठ्या संख्येने भाग घेतात. हा परिपाठ मूळ फ्रान्समधला. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत तेथे झाली. शार्ल तेराँ हा ७१ तास २२ मिनिटांत परत आला आणि वाटेत तो झोपला नाही. त्या काळच्या सायकलीला आजच्यासारखे गिअर नव्हते आणि रस्त्यांना डांबर नव्हते. आज दर चार वर्षांनी हीच वाट जगभरचे हौशी स्वार ९० तासांच्या मुदतीत चालतात आणि त्यांत भारतीयही असतात.

दोनशेवरून तीनशेवर, तीनशेवरून चारशेवर असे चढत जाण्यात मोठा अर्थ आहे. श्रमाने स्नायूंचे सूक्ष्म तंतू दुखावतात आणि विश्रांतीत ते पूर्वीपेक्षा बळकट होऊन सांधले जातात. म्हणजे बळ वाढते ते सायकलीवर बसल्याने जितके, तितकेच सायकलीवरून उतरून झोपल्याने. उतावळा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री सारे पुस्तक वाचून काढतो आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. तसाच उतावळा स्वार शर्यतीच्या आदल्या आठवड्यात रोज दोनशे किलोमीटर धावून दमलेल्या पायांनी रेषेवर उभा राहतो.

चढाची तयारी चढावरच करावी लागते. येथे सायकलीची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला समजा चव्वेचाळीस दाते आहेत आणि मागच्याला अठरा. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे घेते. सपाट रस्त्यावर हे ठीक. पण घाटात तेच पायांना पेलत नाही, आणि खाली उतरून सायकल ढकलावी लागते. गिअरच्या सायकलीत मागे लहानमोठी अनेक चक्रे असतात. पुढे बत्तीस दाते आणि मागे पन्नास दाते अशी जोडी लावली, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पाऊण फेराही घेत नाही. सायकल मुंगीच्या गतीने चढते, पण चढते. डोंगरी सायकलीला अशी चक्रे असतात. शिवाय तिचे टायर रुंद व खाचखळग्यांना धरून बसणारे असतात आणि पुढचा दांडा धक्का शोषून घेणारा असतो. हिमाचल प्रदेशात २००५ सालापासून अशा सायकलींची अनेक दिवसांची शर्यत भरू लागली. भूतानमध्ये २०१० साली सुरू झालेली शर्यत तर एकाच दिवसाची. पण बुमथांगहून थिंफूपर्यंतचे तिचे अंतर २६८ किलोमीटरांचे आणि वाटेत चार खिंडी. स्पर्धक मध्यरात्रीनंतर दोन वाजता अंधारात निघतात. पुसदच्या सभोवारचे डोंगर ज्यांनी सायकलने चढून पाहिले असतील, त्यांना अशा वाटेची थोडीबहुत कल्पना करता येईल.

पायांइतकीच, किंबहुना पायांहून अधिक, परीक्षा होते ती ज्या अवयवांचा कोणी विचारही करीत नाही त्यांची. हँडलवर सतत भार पडून बोटे बधिर होतात. कित्येकांना शर्यतीनंतर बरेच दिवस सदऱ्याचे गुंड्या-काजे लावता येत नाहीत. बैठकीच्या जागी जखमा होतात. मानेचे तर एक विलक्षण दुखणे या शर्यतीने जगाला दाखविले. पुढे वाकून समोर पाहण्यासाठी मान सतत मागे उचलून धरावी लागते आणि काही दिवसांनी तिचे स्नायू एकाएकी संप पुकारतात. डोके छातीवर पडते, ते वर उचलता येत नाही. पहिल्या वर्षीच्या चौघांपैकी मायकेल शर्मर या स्वाराला १९८३ साली हा त्रास झाला, म्हणून त्या दुखण्यालाच ‘शर्मरची मान’ असे नाव पडले. तेव्हापासून कित्येक स्वारांनी पट्टे, काठ्या आणि दोऱ्या लावून डोके उभे ठेवीत उरलेले शेकडो किलोमीटर तोडले आहेत.

आणि झोप! ती या शर्यतीतील सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी. एकटा स्वार दिवसाकाठी दोन-तीन तास झोपतो, काही तर त्याहूनही कमी. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मन फसवू लागते. रस्त्यावरील भेगा अक्षरांसारख्या दिसतात, झाडांची माणसे होतात. स्लोव्हेनिया देशाचा सैनिक युरे रोबिच याने ही शर्यत पाच वेळा जिंकली. त्यालाही शर्यतीत आपल्या मागे शस्त्रधारी माणसे लागली आहेत असे भास होत आणि तो जिवाच्या भीतीने पायडल मारी. त्याच्या मदतनिसांनी एक नियमच केला होता: शर्यत रंगात आली की निर्णय स्वाराने घ्यावयाचे नाहीत, ते मोटारीतल्यांनी घ्यावयाचे.

हे मदतनीस कोण असतात? आठ-दहा माणसांचे ते एक छोटेसे गावच असते. कोणी मोटार चालवितो, कोणी नकाशा पाहतो, कोणी सायकल दुरुस्त करतो, कोणी दर तासाला किती खाल्ले, किती प्याले याची वही ठेवतो. मार्गावर पन्नासांहून अधिक नोंदीची ठाणी असतात. तेथे पोहोचल्याची वेळ कळवावी लागते. स्वाराला किती मिनिटे झोपू द्यावयाचे आणि नेमके केव्हा उठवावयाचे, हे काम बहुधा सर्वांत कठीण असावे. गाढ झोपलेल्या, दुखण्याने कण्हणाऱ्या माणसाला नव्वद मिनिटांनी हलवून जागे करणे आणि पुन्हा अंधाऱ्या रस्त्यावर पाठविणे, याला मायाळू मनापेक्षा निर्धारी मन लागते. तो रागावतो, रडतो, मला घरी जाऊ द्या म्हणतो. त्याचे ऐकावे की त्याने निघताना जे ठरविले होते त्याचे ऐकावे, हा प्रश्न त्या मोटारीत रोज उभा राहतो. आणि कधी कधी ऐकावेच लागते; दुखणे जिवावर उठले आहे हे ओळखणे, हेही त्यांचेच काम.

लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे भारतीय सैन्यातील डॉक्टर. नाशिक येथे नेमणुकीवर असताना त्यांनी या शर्यतीचा ध्यास घेतला. २०१६ साली ते अमेरिकेत गेले, रेषेवर उभे राहिले, निघाले. परंतु त्या वर्षी त्यांना शर्यत अर्धवट सोडून परत यावे लागले. एवढा खर्च, एवढी वर्षे, घरच्यांचे आणि मित्रांचे एवढे श्रम, आणि हाती काय आले? अशा वेळी माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण पुन्हा त्या वाटेचे नाव काढीत नाहीत. काही जण वही उघडून बसतात आणि कोठे किती वेळ गेला ते पाहतात. गोकुळनाथ पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, पुन्हा ओशनसाइडला हजर होते.

त्याच रेषेवर त्या वर्षी विदर्भातलाही एक स्वार उभा होता. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांचा हा पहिलाच प्रयत्न. यवतमाळहून दीडशे किलोमीटरांवर राहणाऱ्या या माणसाला उन्हाची ओळख करून देण्याची गरज नव्हती. थंड हवेच्या देशांतून आलेले स्वार ज्या वाळवंटाला भितात, त्याच्यासारखी दुपार नागपुरात दर उन्हाळ्यात भरते. रॉकी पर्वताची विरळ हवा मात्र विदर्भात कोठे मिळणार? नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आसपास आहे. तीन हजार मीटरांवर प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो, आणि जो चढ खाली सोपा वाटला असता तोच छाती फोडू लागतो.

दोघेही भारतीय, दोघेही डॉक्टर, आणि दोघांचेही घड्याळ एकच. परंतु त्यांची खरी स्पर्धा परस्परांशी नव्हती. त्या वर्षीचा विजेता, ऑस्ट्रियाचा क्रिस्टोफ श्ट्रासर, नवव्या दिवशीच अॅनापोलिसला पोहोचून विश्रांती घेत होता, तेव्हा हे दोघे अजून शेकडो किलोमीटर मागे होते आणि अॅपलाचियनचे डोंगर त्यांच्यापुढे उभे होते. त्यांची झुंज त्या बारा दिवसांच्या मुदतीशी होती. मागे पडलेल्या प्रत्येक ठाण्यावर वजाबाकी करावयाची: इतके किलोमीटर उरले, इतके तास उरले. उत्तर रोज थोडे थोडे बदलते. एक चुकीचे वळण, एक मोठा पाऊस, अर्ध्या तासाची जादा झोप यांनी ते कोणत्याही क्षणी उलटू शकते.

गोकुळनाथ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांनी पोहोचले. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. मुदत संपावयास सव्वापाच तास राहिले होते.

डॉ. समर्थ अजून रस्त्यावरच होते. एकाच्या यशाची बातमी कळली म्हणून दुसऱ्याचे घड्याळ थांबत नाही. एक तास गेला, दोन तास गेले. प्रारंभ होऊन ११ दिवस २१ तास ११ मिनिटे झाली, तेव्हा त्यांनी रेषा ओलांडली. पहिल्याच प्रयत्नात ही शर्यत एकट्याने पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले.

मुदतीला तेव्हा २ तास ४९ मिनिटे अवकाश होता, म्हणजे १६९ मिनिटे. त्यांना बाराने भागले तर चौदा मिनिटे येतात. डॉ. समर्थ बारा दिवसांत रोज केवळ पंधरा मिनिटे अधिक थांबले असते, तर त्यांचे नाव यादीत आले नसते. पंधरा मिनिटे म्हणजे सकाळचा एक सावकाश चहा. पंधरा मिनिटे म्हणजे दिवसातून पाच वेळा मोजा सरळ करण्यासाठी किंवा टोपी शोधण्यासाठी घेतलेली तीन-तीन मिनिटे. ती त्यांनी आणि त्यांच्या मोटारीतील माणसांनी कोठे वाचविली, याची नोंद कोणत्याही यादीत नाही. बाटली मागताच हाती देणाऱ्याने काही वाचविली असतील, नकाशा पाहणाऱ्याने एकही वळण न चुकवून काही वाचविली असतील आणि ठरल्या मिनिटाला झोपेतून हलविणाऱ्याने तर निश्चितच वाचविली असतील.

पुढील वर्षी, २०१८ साली, डॉ. समर्थ रशियात मॉस्को येथे एका नव्या रेषेवर उभे राहिले. तेथून सैबेरिया ओलांडून पॅसिफिकच्या काठावरील व्लादिवोस्तोक गाठावयाचे होते. अंतर नऊ हजार किलोमीटरांहून अधिक, टप्पे पंधरा आणि दिवस पंचवीस. त्यातला सर्वांत लांब टप्पा तेराशे किलोमीटरांहून मोठा होता. मुंबईहून सायकलीवर बसावे आणि दिल्ली जवळ येईपर्यंत उतरू नये, असा तो एक टप्पा. तीही शर्यत त्यांनी पुरी केली.